जुने नाटक, नवा प्रयोग: उलटसुलट प्रतिक्रिया कशा ऐकाव्यात आणि स्वतःचे मत कसे घडवावे

एखादे गाजलेले नाटक बऱ्याच वर्षांनी नव्या संचात रंगमंचावर आले, की प्रयोग सुटल्यावर माणसे दोन निरनिराळी नाटके पाहून आल्यासारखी बोलू लागतात. एक जण म्हणतो, नव्या मंडळींनी नाटकाची पार रया घालवली. त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेली दुसरी व्यक्ती म्हणते, हे नाटक मला आज पहिल्यांदा उमगले. दोघेही प्रामाणिकपणे बोलत असतात. ज्याने अजून तिकीट काढलेले नाही तो अशा वेळी बुचकळ्यात पडतो, आणि ज्याने नाटक पाहिले आहे त्यालाही नेमके काय म्हणावे हे सुचेनासे होते. पुढचे विवेचन या दोघांसाठी आहे. पुनरुज्जीवित नाटकाबद्दलची परस्परविरोधी मते ऐकण्याची आणि त्यांतून स्वतःचे मत घडवण्याची एक रीत आहे, आणि ती सवयीने अंगवळणी पडते.

या रीतीचा पाया साधा आहे. अशा मतांमध्ये खरा विरोध वरवर दिसतो त्याहून पुष्कळ कमी असतो. माणसे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात आणि सगळ्यांसाठी ‘नाटक’ हा एकच शब्द वापरतात. कोणी लेखकाच्या संहितेबद्दल बोलतो, कोणी दिग्दर्शकाच्या मांडणीबद्दल, कोणी त्या एका संध्याकाळी झालेल्या प्रयोगाबद्दल, आणि पुष्कळसे प्रेक्षक आपल्या आठवणीतल्या प्रयोगाबद्दल बोलत असतात. म्हणून कोणतीही प्रतिक्रिया कानावर पडली, की ती बरोबर की चूक हे ठरवण्याआधी ती यांपैकी कशाविषयी आहे हे शोधावे.

आठवण वेगळी काढावी

एका जुन्या नाटकाच्या नव्या प्रयोगाला माझ्या पुढच्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. दुसऱ्या अंकातले मोठे स्वगत सुरू झाले तसे त्यांचे ओठ हलू लागले. शब्द न् शब्द त्यांना पाठ होता आणि ते नटाच्या किंचित पुढेच चालले होते. एका वाक्याच्या मध्यावर, जिथे थांबण्याची त्यांना सवय नव्हती तिथे, नवा नट थांबला. अंधारात पायरी चुकावी तसे ते गृहस्थ दचकले. त्यांच्या शेजारी त्यांची वीस-बावीस वर्षांची नात होती आणि तिला नाटक ठाऊक नव्हते. त्याच विरामात ती खुर्चीच्या कडेला सरकून बसली, कारण पुढे काय येणार हे तिला माहीत नव्हते. मध्यंतरात आजोबा म्हणाले, “सगळी लय घालवली त्याने.” नात म्हणाली, “आजोबा, मला तर तिथे श्वासच घेववेना.” विराम एकच होता आणि तो फार तर तीन सेकंदांचा असेल.

त्या दोघांपैकी कोणाचे खरे, असे विचारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांची मते वापरायची असतील तर आधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हे नाटक तुम्ही पूर्वी कोणाचे पाहिले होते? या एका प्रश्नाने निम्मा गुंता सुटतो. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आले तेव्हा अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी ती भूमिका आपापल्या प्रकृतीने केली. आणि २०१६ सालच्या चित्रपटानंतर अनेक तरुण प्रेक्षकांच्या मनात अप्पासाहेबांचा चेहरा नाना पाटेकरांचा झाला. तेव्हा एखाद्याने ‘मूळ अप्पासाहेबांची सर नाही’ असे म्हटले, तर त्याचे मूळ कोणते हे विचारून घ्यावे. तीन प्रेक्षक एकच वाक्य बोलत असतील आणि तिघांच्या डोळ्यांपुढे तीन वेगळी माणसे उभी असतील.

याचा अर्थ जुन्या प्रेक्षकांच्या आठवणीला कमी लेखावे असा मुळीच नाही. नव्या प्रेक्षकाला जे कधीच सांगता येणार नाही ते हीच मंडळी सांगू शकतात, म्हणजे काय गळाले, काय बदलले आणि पूर्वी एखाद्या ठिकाणी प्रेक्षागृहात किती शांतता पसरत असे. मात्र आठवणीचीही एक खोड असते. ती उत्कट क्षण जपून ठेवते आणि रटाळ प्रवेश विसरून जाते, त्यामुळे नव्या प्रयोगातल्या रेंगाळलेल्या अर्ध्या तासाची तुलना नकळत जुन्या प्रयोगातल्या सर्वोत्तम दहा मिनिटांशी होते. म्हणून असे मत ऐकताना जागा विचारावी. ‘कोणत्या प्रवेशात तसे वाटले?’ या प्रश्नाला समोरच्याने नेमके उत्तर दिले, तर त्याचे म्हणणे टिपून ठेवण्यासारखे असते. ‘ती मजाच नाही’ यापलीकडे काही सांगता आले नाही, तर ती त्याच्या तरुणपणाची ओढ आहे असे समजावे, तिचा मान राखावा, पण प्रयोगाच्या गुणदोषांत ती धरू नये.

स्वतः पाहायला जाताना संहिता आधी वाचावी का, असेही विचारले जाते. माझे मत असे आहे की ज्याने हे नाटक कधीच पाहिलेले नाही त्याने वाचू नये, कारण पुढचे माहीत नसण्याचे सुख त्याला पुन्हा मिळणार नाही. ज्याने पूर्वी पाहिले आहे त्याने मात्र अवश्य वाचून जावे. आपल्याला जे वाक्य लेखकाचे वाटत होते ते प्रत्यक्षात एखाद्या नटाने भर घातलेले होते, हे अशा वाचनात कळते आणि पुष्कळ राग जागच्या जागी विरतो.

‘मूळ’ या शब्दाची तपासणी

मूळ नाटकाला धक्का लावला, ही पुनरुज्जीवनाबद्दलची सर्वांत नेहमीची तक्रार. ती ऐकली की ‘मूळ’ म्हणजे छापील संहिता, पहिला प्रयोग, की आपल्याला सवय झालेला प्रयोग, हे पाहावे. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा इतिहास यासाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे. नेहम टेट याने १६८१ साली त्या नाटकाची सुखान्त रंगावृत्ती केली. तीत लिअरची धाकटी मुलगी कॉर्डेलिया जिवंत राहते, तिचे एडगरशी जुळते आणि विदूषकाचे पात्र तर नाहीसेच होते. सुमारे दीडशे वर्षे इंग्लंडच्या रंगभूमीवर याच रंगावृत्तीचा अंमल होता. १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटाने शेक्सपिअरची संहिता विदूषकासह रंगमंचावर परत आणली, तेव्हा जन्मभर टेटचाच ‘लिअर’ पाहिलेल्या प्रेक्षकाला शेक्सपिअरचा ‘लिअर’ नवा होता. सवयीलाच आपण किती सहजपणे मूळ म्हणतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

काही नाटकांच्या बाबतीत ही रेषा ओढणे खरोखरच कठीण असते. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ जब्बार पटेलांनी १९७२ साली बसवले, आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची ती जिवंत भिंत, भास्कर चंदावरकरांचे संगीत व कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्य या गोष्टी संहितेशी इतक्या एकजीव झाल्या, की शब्द कुठे संपतात आणि प्रयोग कुठे सुरू होतो हे सांगता येऊ नये. अशा नाटकाला हात घालणाऱ्या नव्या दिग्दर्शकापुढे दोनच वाटा असतात आणि दोन्हींवर नाराजी ठरलेली असते. जुनी रचना ठेवली तर नक्कल केली असे म्हणतात, बदलली तर विटंबना केली असे म्हणतात. श्रोत्याने येथे एवढेच विचारावे, की त्या रचनेने जे काम केले होते ते नव्या प्रयोगात दुसऱ्या कोणत्या साधनाने होते आहे काय? ती भिंत माणसे लपवते, गुन्हा झाकते आणि पुन्हा निरागसपणे गाऊ लागते. हे काम होत असेल तर भिंत वेगळी दिसली तरी चालेल. ते होत नसेल, तर भिंत जशीच्या तशी ठेवूनही काही हाती लागत नाही.

काटछाटीबद्दलची मते याच कसोटीवर घासावीत. जुनी पाच अंकी संगीत नाटके रात्र रात्र चालत, आज ती तशीच्या तशी करणे जवळपास अशक्य आहे, तेव्हा कात्री लागणार हे गृहीत धरावे आणि कात्री कुठे लागली ते पाहावे. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त तळीराम आणि त्याच्या आर्यमदिरामंडळाचे प्रवेश आहेत. वेळ वाचवायचा म्हटले की विनोदी प्रवेशांवर नजर जाणे स्वाभाविक आहे, कारण कथानक त्यांच्यावाचून पुढे सरकते. परंतु ते प्रवेश फार आखडले तर सुधाकराचे व्यसन हे एका माणसाचे दुर्दैव उरते. त्याला साथ देणारे, त्यावर तत्त्वज्ञान रचणारे आणि हसत हसत त्याला खोल नेणारे जग प्रेक्षकाला दिसतच नाही. शिवाय सुधाकराची बायको सिंधू हिच्या दुःखाच्या दोन प्रवेशांमधली मोकळी हवा जाते आणि शेवटचा अंक असह्य होतो. अशा प्रयोगाहून परतलेला एक प्रेक्षक ‘फारच रडके नाटक’ म्हणेल आणि दुसरा ‘आटोपशीर झाले’ म्हणेल. दोघेही एकाच कात्रीबद्दल बोलत आहेत, हे ओळखता आले पाहिजे.

काळ बदलल्यामुळे उठणारे वाद

सिंधूचे नाव निघाले की आणखी एक मतभेद पुढे येतो आणि तो सर्वांत गंभीर असतो. नवऱ्याच्या व्यसनात स्वतःची राख होऊ देणारी ती स्त्री १९१९ साली बालगंधर्वांच्या रूपाने प्रेक्षकांसमोर आली तेव्हा ती आदर्शाची मूर्ती होती. आजच्या प्रेक्षकाला तिच्या सोसण्याचा संताप येऊ शकतो. मग हे नाटक आज करावेच कशाला, असा सूर निघतो, आणि त्यावर दुसऱ्या बाजूने ‘तुम्हांला तो काळच कळत नाही’ असे उत्तर येते. हा वाद मिटवण्याच्या भानगडीत पडू नये. त्यात शिरताना पात्र काय म्हणते, नाटक काय म्हणते आणि हा प्रयोग काय म्हणतो, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. सिंधू सोसते, हे संहितेत आहे. त्या सोसण्याकडे आरतीच्या नजरेने पाहायचे की जखमेकडे पाहावे तसे पाहायचे, हे प्रकाश, हालचाल आणि पदाची संथ वा तीव्र गायकी यांतून दिग्दर्शक आणि नटी ठरवतात. ज्याचा राग संहितेवर आहे त्याने प्रयोगाला नावे ठेवू नयेत, आणि ज्याला प्रयोगाची नजर खटकली त्याने गडकऱ्यांना दोष देऊ नये.

हा प्रश्न केवळ जुन्या नाटकांचा आहे असेही नाही. इब्सेनचे ‘अ डॉल्स हाउस’ १८७९ साली आले आणि लगेच पुढच्या वर्षी जर्मनीत हेडविग नीमान-राबे या अभिनेत्रीने नवऱ्याला आणि मुलांना सोडून जाणारी नायिका नोरा करायला नकार दिला. दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, म्हणून इब्सेनने नोरा घरातच राहते असा पर्यायी शेवट लिहून दिला आणि पुढे त्याला आपल्याच नाटकावरचा रानटी अत्याचार म्हटले. आज घर सोडून जाताना नोराने मागे दार लावलेले पाहून पूर्वीसारखी खळबळ उडत नाही. म्हणून आजच्या प्रयोगाबद्दल ‘शेवट फिका वाटला’ असे कोणी म्हटले, तर तो नटीचा दोष आहे की धक्का जुना झाल्याचा परिणाम आहे, हे तपासावे. तंत्राचेही असेच होते. ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आले तेव्हा त्याचा फिरता रंगमंच हे स्वतंत्र आकर्षण होते. आज केवळ रंगमंच फिरला म्हणून कोणी अवाक् होणार नाही. आज त्याने वेगवेगळी रूपे घेणाऱ्या भामट्या लखोबा लोखंडेचा एक मुखवटा उतरून दुसरा चढेपर्यंतचा वेळ वाचवावा, एवढेच त्याच्याकडून मागावे.

या संदर्भात प्रेक्षागृहातल्या हशाकडे लक्ष देण्याची सवय लावून घ्यावी, कारण ‘लोक भलत्याच ठिकाणी हसले’ ही तक्रार पुनरुज्जीवित नाटकांबाबत वारंवार ऐकू येते. भलत्या ठिकाणचा हशा एका जातीचा नसतो. कधी भाषेचे वळण जुने झाल्यामुळे हसू फुटते, कधी प्रसंग इतका अवघड असतो की माणसे अवघडून हसतात, आणि कधी नटाने तो क्षण पेललेला नसतो. ओळखण्याची खूण हशानंतरच्या चार-पाच सेकंदांत असते. भाषेमुळे आलेला हशा चटकन विरतो आणि प्रेक्षक पुन्हा प्रवेशात येतात. अवघडलेपणाचा हशा मध्येच तुटतो आणि त्यानंतरची शांतता आधीपेक्षा दाट असते. तो नाटकाच्या बाजूचा हशा आहे. नटाच्या हातून क्षण निसटला असेल तर हशानंतर कुजबुज सुरू होते, खुर्च्या करकरतात, आणि पुढचे वाक्य वाया जाते. लोक हसले एवढेच सांगणाऱ्याला ‘मग काय झाले?’ असे अवश्य विचारावे.

संध्याकाळ कोणती होती

एका प्रयोगावरून नाटकाचा निवाडा करणे किती धोक्याचे असते, हे चेखवच्या ‘द सीगल’ने दाखवले आहे. १८९६ साली पीटर्सबर्गच्या अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला, तो लेवकेयेवा नावाच्या लोकप्रिय विनोदी अभिनेत्रीच्या सन्मानार्थ ठेवलेल्या संध्याकाळी. तिचे चाहते खळखळून हसायला आले होते, आणि ती तर या नाटकात कामही करत नव्हती. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, चेखव व्यथित होऊन निघून गेला, मात्र त्यानंतरच्या प्रयोगांना प्रतिसाद पुष्कळ बरा मिळाला. दोन वर्षांनी मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक केले आणि ते अपूर्व गाजले. म्हणून प्रतिक्रिया देणाऱ्याने कितवा प्रयोग पाहिला हे नेहमी विचारावे. पहिल्या पाच-सहा प्रयोगांत नाटक बसलेले नसते, प्रवेश लांबतात, प्रकाशाचे ठोके मागेपुढे होतात. त्या वेळच्या तक्रारी महिन्याभराने लागू राहतीलच असे नाही. उलट फार प्रयोग झाल्यावर टाळीच्या जागा नटांना पाठ होतात आणि ते तिथे थांबू लागतात, तेव्हा सुरुवातीचे कौतुकही तपासून घ्यावे लागते.

स्वतःचे मत कसे मांडावे

प्रयोग पाहून आल्यावर इतरांची मते ऐकण्याआधी, शक्य तर त्याच रात्री, तीन क्षण लिहून काढावेत: जिथे आपण पूर्ण गुंतलो तो, जिथे लक्ष उडाले तो, आणि ज्याबद्दल आपल्याला अजून काही ठरवता आलेले नाही तो. तिसरा क्षण सर्वांत मोलाचा असतो आणि नेमका तोच दुसऱ्यांच्या गदारोळात आधी हरवतो. लिहिताना मत मागाहून आणि वर्णन आधी असा क्रम ठेवावा. ‘नेपथ्य वाईट होते’ याऐवजी ‘दिवाणखान्याच्या भिंती काढून फक्त चौकटी ठेवल्या होत्या, त्यामुळे दाराआडून ऐकणारे पात्र सर्वांना दिसत होते आणि रहस्य राहिले नाही’ असे लिहिले, की वाचणाऱ्याला आपल्याशी असहमत होण्याचीही सोय राहते. ‘आत्मा’, ‘गाभा’, ‘सर’ आणि ‘दर्जा’ हे शब्द हाताशी आले की थांबावे आणि त्या जागी एखादा प्रसंग घालावा.

आपण कुठून बोलतो आहोत हेही दोन ओळींत सांगावे. हे नाटक पूर्वी पाहिले होते की नाही, कोणाचे पाहिले होते, हा कितवा प्रयोग होता, बसायला जागा पुढची मिळाली की शेवटच्या रांगेतली. शेवटच्या रांगेतून नटाच्या डोळ्यांतला बदल दिसत नाही, आणि पहिल्या रांगेतून रंगमंचावरची रचना अखंड दिसत नाही. हे सांगितल्याने मताची धार कमी होत नाही, वाचणाऱ्याला ते वापरता येते. नव्या नटाबद्दल लिहिताना ‘त्यांच्यासारखे झाले नाही’ हे वाक्य निदान पहिल्या परिच्छेदात तरी येऊ देऊ नये. त्याने जिथे जुनी वाट सोडली तिथे त्याच्याजवळ काही कारण दिसले का, एवढे पाहावे. कारण दिसले आणि पटले नाही, तर ते खुशाल लिहावे.

आता उरतात ती खरोखरची भांडणे, जिथे दोन जाणते प्रेक्षक एकाच प्रयोगातल्या एकाच प्रवेशाबद्दल विरुद्ध बोलतात. ती मोलाची असतात. चेखवने ‘द चेरी ऑर्चर्ड’ला विनोदी नाटक म्हटले आणि स्तानिस्लाव्हस्कीने १९०४ साली ते शोकात्म अंगाने बसवले, लेखक आणि दिग्दर्शक यांच्यातला तो मतभेद आजही त्या नाटकाच्या प्रत्येक नव्या प्रयोगाबरोबर प्रेक्षकांत उतरतो. अशी जागा सापडली, तर दोन मतांची सरासरी काढून ‘संमिश्र प्रतिसाद’ एवढे लिहून मोकळे होऊ नये. दोन्ही बाजू त्यांच्या उत्तम रूपात मांडाव्यात आणि आपण कोणीकडे झुकतो ते कारणासह सांगावे.

जमल्यास असा प्रयोग दुसऱ्यांदा पाहावा, दहा-पंधरा प्रयोग होऊन गेल्यावर आणि वेगळ्या रांगेत बसून. पहिल्या वेळी आपल्याबरोबर नाटक आधी पाहिलेली व्यक्ती असेल, तर या वेळी ज्याला त्यातले काहीच ठाऊक नाही अशा कोणाला तरी न्यावे. वादाचा प्रवेश आला, की बोलणाऱ्या नटावरची नजर काढून त्याचे ऐकत उभ्या असलेल्या दुसऱ्या पात्राकडे पाहावे. पहिल्या खेपेला तिकडे आपले लक्ष बहुधा गेलेले नसते, आणि त्या बोलण्याचा परिणाम होतो आहे की नाही हे त्याच चेहऱ्यावर सर्वांत आधी दिसते.